तळाला लागलेली स्कॉच

काल नवऱ्याच्या मित्रानं स्कॉचची बाटली उघडली आणि त्या धुरकट वासानं मी थेट औंढ्याकडच्या आमच्या शेळ्यांच्या गोठ्यामागं जाऊन उभी राहिले. नव्वदच्या दशकात तिथंच माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. चुलीवर मटण शिजत होतं. मुलाच्या काकांनी आखातातून आणलेली अशीच बाटली मोठ्या मानानं माझ्या मामापुढं ठेवली. मामाला मोहाच्या दारूची पारख. त्यानं थेंबभर तळहातावर चोळून हुंगली, घोट घेतला आणि थुंकला. "भट्टीत तळाला लागलेली हाय ही. आमाला येडं समजून राहिले काय?" काका म्हणाले, "मामा, हिचा वासच असा ऱ्हातो. तिकडं लई महाग हाय." "करपलेल्या मालाला महाग कोण म्हनतं, पाव्हणे?" मामा हसला, मग सगळेच हसले. काकांनी बूच लावलं आणि मटण चुलीवरून उतरायच्या आत पाहुणे जीपमध्ये जाऊन बसले. मुलानं एकदाच मागं वळून पाहिलं; ते स्थळ तिथंच मोडलं. काल मित्र सांगत होता, "वहिनी, या धुराच्या वासाचेच पैसे पडतात." नवऱ्यानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, "करपलीय रे ही!" म्हणून खदखदून हसला, आणि मला पुन्हा ती जीप सुरू झाल्याचा आवाज आला.