कुणी न तपासलेली दुरुस्ती

कळमनुरीच्या तहसीलसमोर एक बाई टायपिंग करून देतात. प्रत्येक वाक्यानंतर "बराबर?" विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे टाइप करतात. त्यांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, कुणीही दुरुस्ती सुचवावी. प्रतिज्ञापत्र छापताना शेवटची ओळ कापली जायची. बाईंनी स्वतः शिकून ती चूक दुरुस्त केली.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आता संगणक शिकवतो. मला अनेकांनी हात दिला, तसा आपणही द्यावा म्हणून मी ती दुरुस्ती बाईंच्या नावानं, त्या सॉफ्टवेअरच्या नवशिक्या स्त्रियांसाठीच्या खास विभागात पाठवली. तासाभरात अभिनंदनासह मंजूर झाली. मी पेढे घेऊन गेलो.

बाई स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, "भाऊ, लांब कागदावर शेवटची ओळ अजून कटून राहिली. माझीच चूक. कुणी तपासलं काहून न्हाई?"

"पहिलीच वेळ म्हणून सांभाळून घेतलं असेल."

"लेकराचं चित्र हाय का, वा वा करायला?"

त्यांनी मंजूर दुरुस्ती मागे घेतली आणि नवी लिहून सर्वांसाठीच्या नेहमीच्या रांगेत टाकली. पाच आठवडे झाले, तिथं कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही.

काल मी विचारलं, "परत बायकांच्या विभागात टाकू का?"

"आधी तुमी तपासा. मागच्या टायमाला तपासली व्हती का?"

तपासली नव्हती. मी खुर्ची ओढून तपासायला बसलो. कुठं पाठवायची, ते मला अजूनही कळलेलं नाही.