चिठ्ठीत आलेली बाजू

“पण चूक झाली तर?” एवढं म्हणून तो खुर्चीतून उठायचाच. तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. साधं लंचला कुठे जायचं ठरत असलं, तरी हा येरझारा घालणार. कांगारूंच्या देशातल्या, पॅरामॅटाच्या आमच्या ऑफिसात तो सॉफ्टवेअर टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचा. घरी हेच काम फुकट करतो, असं त्याची बायको म्हणे.

आमची घरं कॅसल हिलला, तिथून आम्ही दोघं त्याच्याच गाडीने ऑफिसला यायचो. भारतातली एखादी भयंकर बातमी आली की मी तडकायचे. खटले कसले चालवता, लटकवा एकेकाला, असं म्हणायचे. सिग्नलला गाडी थांबली की तो स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी मला समजवायचा. या देशातही फाशी होतीच की. शेवटची दिली तेव्हा लोक निषेध करायला तुरुंगाबाहेर जमले होते. ज्या ज्युरींनी दोषी ठरवलं, त्यांच्यातल्याच काहींनी त्याला मारू नका म्हणून विनवलं होतं. मग उरलेल्या राज्यांनीही एकेक करून ती काढून टाकली, आपल्या राज्याने सगळ्यात शेवटी.

“तुरुंगातून माणूस परत आणता येतो गं. मसणातून नाही.”

मागची गाडी हॉर्न वाजवायची. मी म्हणायचे, तुझ्या घरात असं काही झालं ना, मग बोल. किती सहज म्हणायचे. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्या मंडळाच्या गणपतीत वादविवाद स्पर्धा असते. बाजू चिठ्ठी उचलून ठरते. एका वर्षी विषय फाशीचा होता आणि याच्या चिठ्ठीत आलं, ‘फाशी हवीच’. आम्ही पोट धरधरून हसलो. बिचारा आठवडाभर गाडीत मलाच मुद्दे विचारत होता. पण स्टेजवर काय बोलला म्हणून सांगू. जिचं लेकरू गेलं, त्या आईला दयेचे धडे देणारे आपण कोण, असं त्याने विचारलं आणि समोरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. पहिलं बक्षीस त्यालाच. मी हौसेने व्हिडिओ काढला, त्याच्या बायकोला पाठवला आणि तिने तो त्याच्या नाशिकच्या फॅमिली ग्रुपवर टाकला.

पुढे दोन वर्षांनी नाशिकला त्याच्या बहिणीचा मुलगा गेला. एकुलता एक, बावीस वर्षांचा. पार्किंगवरून भांडण झालं, समोरच्याने सुरा काढला. खटला चालला, मारणाऱ्याला जन्मठेप झाली. फाशीसाठी सरकारने हायकोर्टात जावं, असा अर्ज बहिणीला द्यायचा होता. घरातले सगळे इंग्रजी अर्ज पहिल्यापासून हाच लिहायचा. तिचा फोन आला तेव्हा आम्ही गाडीत होतो आणि फोन स्पीकरवर होता.

“दादा, गणपतीत बोललास ना, तेच लिहून दे. बाकी काही नको.”

त्याने गाडी कडेला घेतली. ते माझं मत नव्हतं, चिठ्ठीत आलं होतं, हे तो सांगू शकला नाही. पोर गमावलेल्या बाईला असलं काही कोणत्या तोंडाने सांगणार? बघतो म्हणाला, खाली उतरला आणि फुटपाथवर फेऱ्या मारत राहिला. मी आत बसून रडत होते. व्हिडिओ मीच काढला होता.

त्यानंतर तीन आठवडे हा माणूस कुठे टेकला नाही. मीटिंगभर भिंतीशी उभा, डबा तसाच परत घरी. एकदा मला म्हणाला, तू लिही, तुला पटतं ना. मीही तावातावाने बसले. मारणाराही जेमतेम एकवीसचा. ‘मरेपर्यंत फाशी’ असं लिहून त्याचं नाव घालायची वेळ आली आणि माझा हात चालेना. उठले, चिडले, पुन्हा बसले. नाहीच जमलं. तसं त्याला सांगून टाकलं.

नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणायला हवं, असं म्हणून तो नाशिकला गेला. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि बोलणंच टाकलं. अर्ज तिने वकिलाकडून लिहून घेतला आणि सरकार हायकोर्टात गेलं. हा लाँग सर्व्हिस लीव्ह, म्हणजे बरीच वर्षं नोकरी केल्यावर इथे मिळते ती लांबलचक रजा, टाकून तिथेच राहिला आहे. त्याच्या जागी आलेली मुलगी दिवसभर जागची हलत नाही. मला ती शांतता सहन होत नाही.

परवा त्याचा फोन आला. सोमवारी मुंबईला तारीख आहे, म्हणाला. ती फाशी मागायला जाणार आणि हा तिच्या शेजारी बसणार.

“तिला चालेल?” मी विचारलं.

“बोलत नाही अजून. पण तिकिटं तिनेच काढलीत. दोन.”