तसबिरीतला मुलगा

सेलूचे पाहुणे मला बघायला येणार म्हणून आईनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. पन्नास साल नुकतंच उलटलेलं. आम्ही वर्ध्यात भाड्यानं राहायचो, बाबा शाळामास्तर. मी एकुलती एक, आणि तीच माझी खोट. दोन स्थळं त्यापायीच परत गेली होती. "मायच्या पोटी पोरगा नाई, तं लेकीच्या पोटी कुठून येईन?" असं लोक तोंडावर म्हणायचे. मेल्यांना लाजही वाटत नसे. आता हेही स्थळ फिरलं तर आई अंथरूण धरणार, या धास्तीनं मी तिसऱ्यांदा वेणी सोडून घातली होती.

बैठकीत माझं एक रंगवलेलं चित्र होतं. मी चार वर्षांची असताना बाबांच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी काढलेलं. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, एक हात खुर्चीवर. त्या काळी लोक चित्र काढून घेत ते लाडक्या लेकाचं, नाहीतर गेलेल्या माणसाचं. पोरीचं कोण काढतो? बाबांना हौस तर होती, पण लोक हसतील म्हणून त्यांनी मला टोपी घातली.

त्या दिवशी आईनं देवांच्या तसबिरींना शेवंतीच्या माळा घातल्या. एक उरली. वाया कशाला घालवायची, म्हणून तिनं ती माझ्या चित्राला घातली. बाप्पा! त्या गडबडीत तिच्या ध्यानातच आलं नाही आपण काय केलं ते.

पाहुणे बसले. मी मान खाली घालून समोर. मुलाच्या आईची नजर भिंतीवर गेली आणि तिचा आवाज एकदम हळू झाला.

"अव माय! पोरगा होता काय तुमाले? कवा गेला वो?"

बाबा हसतच म्हणाले, "अहो, ती तर..."

"पाचव्या सालीच गेला," आई मध्येच म्हणाली. "तापानं."

मी तिथं जिवंत बसलेली, घामानं भिजलेली, आणि ती बाई पदरानं डोळे पुसत होती.

"नाकडोये बहिनीचेच हायेत. देवानं नेला, पन कूस तं चांगली हाये तुमची."

सगळे बाबांकडे पाहू लागले. ते खरं बोलले तर सोयरीक मोडणार, गप्प राहिले तर मी मेलेली. मला दोन्हीची भीती वाटत होती. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "फार हुशार होता."

मला कुंकू लागलं. लग्नापर्यंत एखादी शेजारीण बोलून जाईल म्हणून आई कुणाला सेलूकडच्या माणसांजवळ टिकूच देत नव्हती. मीही मांडवात जीव मुठीत धरून उभी होते.

सासूबाई खरोखर मायाळू निघाल्या. पहिल्या भाऊबीजेला मला भाऊ नाही म्हणून त्यांनी स्वतः आरतीचं ताट लावलं, मला अंगणात नेलं आणि चंद्राकडे बोट दाखवलं.

"भावाचं नाव घेऊन ओवायजो, पोरी. त्याले पोचते. काय नाव होतं वो त्याचं?"

मी निरांजनाची वात पुढे सारायला लागले. आईनं त्याचं वय सांगितलं होतं, ताप सांगितला होता. नाव ठेवायचंच राहून गेलं होतं.