मोठ्या अक्षरातली क्षमा

गिरगावच्या बस स्टॉपवर सत्तरीचे एक गृहस्थ मुलांचं चित्रांचं बायबल वाचत बसले होते. मी बघतोय हे कळताच त्यांनी तळहाताने चित्र झाकलं.

"नातीसाठी आणलं. आता घरची संध्याकाळची प्रार्थनाही यातूनच करतो."

"मोठं बायबल नाही वाचत?"

"चाळीस वर्षं वाचलं. चर्चमध्ये प्रवचनंही दिली. क्षमेच्या मूळ अर्थावर मी तासभर बोलू शकतो. यात मात्र सरळच लिहिलंय, भावाला माफ कर. काल नातीने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, 'आजोबा, तुम्ही डिलाईल रोडच्या आजोबांशी का नाही बोलत?' सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं."

"मग?"

"मग काय, आमेन म्हणून प्रार्थना संपवली."

धाकट्या भावाशी चाळीतल्या खोलीवरून भांडण झालेलं. त्यानंतरची बारा वर्षं मूळ अर्थ शोधण्यात गेली होती. आज ते त्याच्याकडेच निघाले होते.

डिलाईल रोडची बस आली.

"फार गर्दी आहे हो, पुढची बघू," ते म्हणाले.

आत चारच माणसं होती. कंडक्टर ओरडला, "काका, येताय ना?"

पुस्तक छातीशी धरून ते निमूट चढले.