हाणला, झोडपला, कुटला

“मेला म्हून बोंब हाये, मुनशीजी. जगला असता तं कोन इचारत होतं?”

मुकादम आमच्या ओसरीवर बसून हे म्हणाला आणि अडकित्त्यानं सुपारी कातरू लागला. मी दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून बसले होते. त्याला मी दिसत नव्हते. मला त्याचे हात तेवढे दिसत होते. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवरची साल निघाली होती आणि तिथं हळद भरलेली होती.

त्याच्यासमोर माझे वडील बसले होते. ते अमरावतीच्या कचेरीत दुभाषी होते. वऱ्हाडी जबान्या इंग्रजीत उतरवून साहेबापुढे ठेवणं हे त्यांचं काम. त्या पंधरवड्यात त्यांचे डोळे आले होते, इतके की उजेडात पापणी उघडत नव्हती. साहेबाला दुसऱ्या दिवशी अकोल्याकडे निघायचं होतं आणि वलगावच्या एका मजुराच्या मृत्यूची चौकशी त्याआधी उरकायची होती. म्हणून हुकूम झाला की दुभाष्यानं घरीच जबानी घ्यावी, सोबत एक कारकून असावा, आणि दिवस मावळायच्या आत साहेब घोड्यावरून येईल तेव्हा कागद तयार मिळावा. लिहिणार कोण हे हुकमात नव्हतं. कारकुनाला इंग्रजी येत नव्हतं; घरात इंग्रजी लिहिणारी मी एकटी होते.

मी अकराव्या वर्षी विधवा झाले, तेव्हा मामांनी मला मुंबईला नेऊन मडमांच्या शाळेत घातलं. सात वर्षं सगळं इंग्रजीतून शिकून परत आले ती माझ्या तोंडाला कुलूप लागल्यासारखीच. शेजारच्या बायका आईला विचारत, “पोरगी मुकी हाये का वं?” आई हसून विषय बदलायची. मला परक्या माणसासमोर आवाज काढायची धास्ती वाटे. वडिलांचे कागद मात्र मी दोन वर्षांपासून लिहीत होते, आणि ते माझ्या अक्षरात आहेत हे कचेरीत कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी अमेरिकेतली लढाई चालू होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाच्या कापसावर लागले होते. आमच्या घरावरून वलगावच्या गाड्या दिवसभर जात. पुढे घुसण्यावरून गाडीवान एकमेकांना बैल टोचायच्या पराणीनं भोसकत. एकदा आमच्या दारासमोर एकानं दुसऱ्याच्या बैलाचा डोळा फोडला. तो बैल तसाच, गालावरून रक्त गळत, बाजारापर्यंत ओझं ओढत गेला. कोणी थांबलं नाही.

मेलेला माणूस एका कापसाच्या आवारात झोडप्या होता. बाजेवर कापूस पसरायचा आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन तो झोडपायचा, म्हणजे पाला आणि माती खाली पडते. त्याची बायको त्याच आवारात रेच्यावर सरकी काढायला बसायची. चार दिवसांपूर्वी मुंबईच्या एका पेढीचा गोरा अडत्या माल बघायला आला. त्यानं एका बोऱ्यात आकडा घालून फाडलं, तर आतून ओला कापूस आणि मूठमूठ सरकी निघाली. वजन वाढवायला हे मुकादम स्वतःच करवून घेतो, हे आवारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुकादमानं गोऱ्यासमोर आपली बाजू राखायला जवळच उभा असलेल्या झोडप्याला धरलं.

मुकादमाचं म्हणणं असं की आपण एक थापड मारली. दाक्तरानं लिहून दिलं होतं की मयताला हिवतापाची जुनी खोड, पोटातली पाणथरी वाढलेली, ती हलक्या धक्क्यानंही फुटली असती. बाकीच्या मजुरांची पाठ त्या वेळी तिकडे होती, सगळ्यांचीच. राहिली ती एकटी बायको. एक थापड असेल तर दंड भरून मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर जाणार होता. जास्त असेल तर तो खून होता.

ती पायरीवर बसून होती. वय माझ्याएवढंच असेल. ती रडली नाही. हिशेबानं, सावकाश, एकापुढे एक सांगत गेली, आणि मधे एकदाही मुकादमाकडे बघितलं नाही.

“आधी त्यानं कानफडात हानला. मंग काठ्यायनं झोडपला, कापूस झोडपते तसा. खाली बसला तं दोघंतिघं मिळून बडवला. त्यानं पानी मांगलं जी. मंग त्याचे हात धरले अन् बोरा ठासाचं लाकूड असते ना, त्यानं छाती कुटली. हाडकाचा आवाज मले रेच्यापाशी आला. मंग डोकं चेचलं. तवा तो काई बोलत नोता.”

मुकादम म्हणाला, “रडाचं सोडून गानं म्हनून राह्यली.” कारकून हसला.

वऱ्हाडात ज्याला हे शब्द कळतात त्याला आणखी काही विचारावं लागत नाही. हाणणं एका हाताचं असतं. झोडपायला काठी लागते, बडवायला माणसं लागतात. कुटताना खालची वस्तू हलत नाही. आणि चेचल्यावर तिचा आकार राहत नाही. तिच्या त्या पाच शब्दांत तो माणूस किती वेळ जिवंत होता हेही होतं.

वडील दाराकडे सरकले आणि हळूच मला इंग्रजी शब्द विचारू लागले.

“हाणला?”

“बीट,” मी कुजबुजले.

“झोडपला?”

“बीट.”

“बडवला?”

तोही बीटच होता. हे क्रियापद मला एका मडमेनं रूळ हातात घेऊन शिकवलं होतं. बीट, बीट, बीटन. प्रत्येक रूपाला बोटांवर एक रट्टा. फ्रेंच किंवा लॅटिनकडून उसना न आणलेला, आमच्या सॅक्सन वाडवडिलांचा, लोहाराचा आणि शेतकऱ्याचा हा शब्द आहे, असं ती अभिमानानं सांगायची. मग ती वाक्यं लिहून घ्यायची. काळीज बीट होतं. आचारी अंडी बीट करतो. ढोलावर बीट, पाखराच्या पंखांचं बीट, खिडकीवर पावसाचं बीट. पायांनी तुडवून झालेली वाट बीटन. आपल्या फौजेनं हरवलेला शत्रू बीटन. धन्याचं कुत्रंही बीटन. बोटं हुळहुळत असताना मला नवल वाटायचं, की या लोकांचं काळीज, अंडं, शत्रू आणि कुत्रं एकाच शब्दाखाली कसं नांदतं.

‘कुटला’पाशी मी अडखळले. कुटणं मला मिरचीचं ठाऊक होतं. शाळा सोडताना मिळालेला शब्दकोश मी मांडीवर घेतला. बीटचे अर्थ दोन रकाने भरून होते, आणि तिसऱ्याच ठिकाणी मिरी-मसाला कुटण्याचा अर्थ दिलेला होता. लोखंड ठोकून पातळ करणं होतं. रानातलं जनावर हाकून काढणं होतं.

“बघ,” वडील म्हणाले, “सगळं त्यातच आलं. लिही.”

मी लिहिलं. नवऱ्याला बीट केलं गेलं आणि नंतर तो मेला. तिचे पाचही शब्द एका ओळीत मावले.

निशाणी आधीच घेतलेली होती. कारकुनाची तशी रीतच होती: कोऱ्या कागदाच्या तळाशी ‘वाचून दाखविले, कबूल’ असं लिहून ठेवायचं, त्याखाली निशाणी घ्यायची आणि मग वरचा मजकूर भरायचा. कुणब्यानं नांगर काढायचा, बाईनं बांगडी. ती म्हणाली, “बांगडी कोठची जी आता?” कारकून म्हणाला, “हातात नसली म्हून काय झालं, कागदावर तं काढ. बायकायची तेच चालते.” तिनं बोरू मुठीत धरून गोल काढला.

ती पायरीवरच बसून राहिली. वडील आत येऊन पडले. मी त्यांच्या डोळ्यांवर गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या आणि शब्दकोश परत उघडला. कशासाठी ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बीटच्या नोंदीच्या शेवटी आणखी दोनतीन शब्दांकडे बोट दाखवलेलं होतं. मी एकेक काढत गेले. एक थ्रॅश निघाला. तो मूळचा खळ्यावरचा, दाणे सुटावेत म्हणून कणसं झोडपण्याचा, आणि तिथून माणसाच्या पाठीवर आलेला. म्हणजे झोडपणंच, आमच्या झोडपण्यासारखंच शेतातून आलेलं. पुढे पाउंड. तो मला फक्त विलायती नाण्याचा आणि वजनाचा म्हणून माहीत होता; तिथं त्याचा अर्थ होता खलात घालून कुटणं. क्रश तर मला चांगलाच येत होता. मी तो द्राक्षांसाठी पाठ केला होता.

तिचे सगळे शब्द इंग्रजीत होते. मी विचारल्याबरोबर शाळेतला पहिला शब्द देऊन मोकळी झाले होते.

“बाबा,” मी म्हणाले, “एकच शब्द नाही. प्रत्येकाला वेगळा आहे. मी कागद परत लिहिते.”

ते घडी न काढता म्हणाले, “आहेत ते मलाही ठाऊक आहे.”

मी दौत जवळ ओढली.

“बीटन लिहिलं की दंड होतो, पोरी. तू म्हणतेस ते लिहिलं तर साहेबाला विचारावं लागेल की हे चाललं असताना तो गोरा अडत्या कुठं होता. तो तिथंच उभा होता, खुर्ची मागवून बसला होता. परवा रात्री तो साहेबाबरोबर जेवला. माझे डोळे असे, आणि नोकरी गेली तर तुला कुठं ठेवू?”

ते चिडून बोलले नव्हते, म्हणून ते अधिक लागलं. इतकी वर्षं किती माणसं या एका शब्दात गेली असतील, हा विचार मनात आला आणि मी तो पुढे जाऊ दिला नाही. शेवटच्या दोन वर्षांचे कागद माझ्या हातचे होते.

उन्हं उतरली तेव्हा साहेब आला. तो घोड्यावरून उतरलाही नाही. कारकुनानं कागद वर दिला, त्यानं वाचला, आणि खिशातून दाक्तराची चिठ्ठी काढून शेजारी धरली. मुकादम हात जोडून उभा होता. हळद आता धुतलेली होती.

साहेबानं वडिलांना इंग्रजीत विचारलं, “बीटन, म्हणजे एकदा की जास्त? दाक्तर म्हणतो एक फटकाही पुरे होता.”

वडील डोळ्यांवर हात आडवा धरून ओसरीच्या कडेला उभे होते. ते म्हणाले की बाई अडाणी आहे, घाबरलेली आहे, तिला नीटसं सांगता आलेलं नाही.

“जबानी तिला वाचून दाखवली?”

“होय, साहेब.”

पायरीवरची बाई साहेबाच्या तोंडाकडे बघत होती. “काय म्हनते साहेब? माह्यं सगळं लिवलं का जी?” तिनं विचारलं. कारकुनानं तिला चूप म्हटलं. मुकादमानं तिच्याकडे पहिल्यांदाच बघितलं आणि जिभेनं च्यक् केलं, बैलाला करतात तसं. साहेबानं सही करायला शिसपेन काढलं आणि कागद घोड्याच्या मानेवर टेकवला.

मी उठले. उंबरठ्यावर माझा पाय पदरात अडकला आणि मी दाराची चौकट धरली. ओसरीवरचे सगळे वळले. वडिलांनी माझं नाव घेतलं नाही, पण त्यांचा हात डोळ्यांवरून खाली आला; उजेडात त्यांचे डोळे रक्तासारखे लाल दिसले. साहेब माझ्याकडे बघत होता, भिंतच चालून आल्यासारखा.

मग मी इंग्रजीत म्हणाले, “साहेब, पहिल्या फटक्याला तो उभा होता. काठ्यांनी झोडपला तेव्हा खाली बसला. दोघातिघांनी मिळून बडवला तेव्हा त्यानं पाणी मागितलं. मग त्याचे हात धरून, बोरा ठासायच्या लाकडानं त्याची छाती कुटली, आणि शेवटी डोकं चेचलं. पेढीचा गोरा तिथं खुर्चीवर बसलेला होता. तिनं मारहाण अशी क्रमानं सांगितली आहे, साहेब. आम्ही ती लिहिली नाही, आणि तिला वाचूनही दाखवलेली नाही.”