अण्णाचा चेपलेला शेकर

वैनीचा फोन आला तेव्हा मी रामनगरच्या घरी मोरीत लिंबं धूत होतो. "गव्यानं मारलं त्यास्नी," एवढंच ती बोलली आणि पुढे नुसतं रडणं... अण्णा, माझा थोरला भाऊ, कॅसलरॉकहून स्कूटरवर माझ्याकडेच यायला निघाला होता. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सगळं पाहिलं. वळणावर गवा झाडीतून बाहेर आला, त्यानं स्कूटरसकट अण्णाला शिंगावर घेतलं आणि खाली पडल्यावर पुन्हा तुडवलं. मी पोचलो तोवर डांबरावरचं रक्त उन्हानं काळं पडलं होतं. छाती आत गेली होती, चेहऱ्यावर मात्र ओरखडा नव्हता. रागावल्यासारखा दिसत होता, पण तसा तो जन्मभर दिसला. पिशवीतल्या थर्मासात बर्फ अजून शिल्लक होता. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

अण्णानं उमेदीची सगळी वर्षं गोव्यात एका हॉटेलच्या बारमध्ये काढली. गाव सोडलेल्या माणसांनी परत येताना काय काय आणलं. यानं दारू हलवून मिसळायचा एक स्टीलचा शेकर आणि बर्फ फोडायचा टोचा आणला. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी, जेवणाआधी, परसातल्या जांभळीखाली टेबल मांडायचा आणि डायकिरी नावाचं कॉकटेल करायचा. "रम, लिंबाचा रस, साखरेचा पाक. तीनच वस्तू. चवथी घातलीस की सरबत हुतंय," असं दरवर्षी सांगायचा. शेकर असा हलवायचा की कोंबडीची मान मुरगाळतोय असं वाटावं. एकदा शेजाऱ्यानं त्यात कोला मागितला, तर यानं भरलेला ग्लास त्याच्या पायाशी फोडला. शेजारी बिचारा घरी जाऊन ताक प्याला.

आमच्याकडे दारूचा पहिला घोट जमिनीवर ओततात, जागेच्या राखणदारासाठी. अण्णा तो बाच्या नावानं ओतायचा. बा, आमचा बाप, जंगलात लाकूडतोडीला जायचा आणि पिऊन आला की म्हशीच्या दाव्यानं आम्हाला झोडायचा. अण्णा मला पोटाखाली घेऊन पालथा पडायचा, म्हणजे माझ्या वाटणीचे फटकेही त्याच्याच पाठीवर. बा मरून किती वर्षं झाली, पण जांभळीच्या बुंध्याशी घोट ओतल्याशिवाय अण्णानं कधी ग्लास ओठाला लावला नाही. "न्हाई दिलं तर येतोय त्यो," म्हणायचा. मला आधी हसू यायचं, मग संताप यायला लागला.

तीन वर्षांपूर्वी त्या संतापातच मी तो घोट स्वतः पिऊन टाकला. "मेल्यावरबी पाजत बसणार हाईस व्हय त्याला?" असं वर म्हणालो. पुढचं कळलं तेव्हा टोचा माझ्या डाव्या तळहातातून आरपार जाऊन टेबलात रुतला होता. लिंबाच्या रसात रक्त मिसळत होतं. त्या क्षणी अण्णाचा चेहरा हुबेहूब बाचा होता, आणि ते त्यालाही कळलं. त्यानंच टोचा उपसला, अंगातला सदरा फाडून हात बांधला. बांधताना मी मोकळ्या हातानं त्याच्या तोंडावर गुद्दे मारत होतो, त्यानं एकही चुकवला नाही. माझी दोन बोटं अजून मिटत नाहीत. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. दर उन्हाळ्यात वैनीचा निरोप यायचा, "लिंबं झाल्यात, या म्हणत्यात." मी गेलो नाही.

यंदा मात्र मीच फोन केला. का, ते नीट सांगता येणार नाही... उकाडा होता आणि मला अण्णा हवा होता. "मी येणार न्हाई. तू सामान घेऊन हिकडं ये," मी म्हणालो. "पर माझ्या घरात बाच्या नावानं काय वतायचं न्हाई." अण्णा म्हणाला, "बरं. न्हाई वतणार. तुज्या हाताला झेपंल असा हलका ग्लास हाय न्हवं?"

तेराव्याला गावातली माणसं माझ्यासमोरच कुजबुजत होती की यंदा बाला दिलं नाही, म्हणून बा येऊन घेऊन गेला. एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. शेवटी मीही बाचाच मुलगा. पण माझा विश्वास नसला, तरी त्याला त्या रस्त्यावर बोलावलं मीच. ते कुणी कुजबुजायची गरज नाही. निघताना वैनीनं शेकर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "त्यांनी तुमच्यासाठीच संगं घेतला हुता, तुमीच ठेवा."

शेकर गव्याच्या खुराखाली एका बाजूनं चेपला आहे. झाकण आता घट्ट बसत नाही. रविवारी दुपारी मी एका धड हातानं आणि एका अर्ध्या हातानं तो हलवतो. तीनच वस्तू घालतो. कितीही दाबून धरला, तरी ग्लासात ओतण्याआधी घोटभर गळून जमिनीवर पडतोच. मी फडकं घेत नाही, दुसरा शेकरही आणणार नाही. तो घोट बाचा नाही, माझ्या घरात त्याला थेंबही नाही. तो अण्णाचा.