अंगठ्याची खळी

खळीवाल्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा उजवा हात जप्त केला. मी गेलो होतो कांदा कापायला एक बरी सुरी करून घ्यायला. त्यांनी माझा पंजा उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून वाकवली आणि अंगठ्याखालचा मांसल भाग असा दाबून पाहिला, की फळवाल्याने मला अजून दोन दिवस पेंढ्यात ठेवायचं ठरवलं असावं. मग माझ्यापुढे एक बटाटा ठेवला, हातात एक सुरी दिली आणि म्हणाले, "कापा."

मी कापला. त्यांचा चेहरा हळूहळू डॉक्टरसारखा झाला. म्हणजे एक्स-रे पाहून 'बरोबर कुणी आलंय का' असं विचारणाऱ्या डॉक्टरसारखा.

"किती वर्षं चाललंय हे असं?"

"लहानपणापासून."

"घरच्यांना माहीत आहे?"

"बायकोला आहे."

"स्वयंपाक तुम्ही करता?"

"बायको चिडली की करतो."

"मग रोजच्या वापराचीच करायला हवी," ते म्हणाले आणि माझा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ मारू लागले. गुदगुल्या झाल्या म्हणून मी हात हलवला, तर अशा नजरेनं पाहिलं की मी श्वासही बेतानं घेऊ लागलो.

सायकलदुरुस्तीच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं काम चाले. एका कोपऱ्यात पट्टा फिरवून लोखंड घासायचं यंत्र, दुसऱ्यात तेलाचा डबा. लाल तापवलेलं पातं त्यात बुडालं की सगळी शेड चुरचुरून उठायची. भिंतीला लाकडाचे ठोकळे रचलेले. खळीवाल्यांच्या भुवयांवर कायम लोखंडाची भुकटी बसलेली, त्यामुळे हा माणूस तिशीतही म्हातारा दिसत असणार. चष्म्याची एक दांडी सुतळीने बांधलेली होती. अख्ख्या शहराच्या मुठी घडवणाऱ्या माणसाला स्वतःच्या चष्म्याची दांडी बसवायला मात्र कधी सवड झाली नाही.

सुरी मिळायला ऋतू बदलावा लागला. पण हातात घेतली आणि मी उशिराची तक्रार विसरलो. मुठीच्या वरच्या अंगाला, पात्याला लागून, एक उथळसा खळगा होता. अंगठा तिथं गेला आणि ओळखीच्या मांडीवर मांजर बसावं तसा बसला. उठायलाच तयार नाही.

"ही खळी माझी," ते म्हणाले. थोरला मुलगा इंजिनीयर झाल्यावर बाप ज्या आवाजात ओळख करून देतो, त्या आवाजात. याच खळीमुळे त्यांना सगळे खळीवाले म्हणत आणि त्यांना ते फार आवडे.

पुढे मी धार लावायच्या निमित्तानं जाऊ लागलो आणि निमित्त बोथट झालं तरी जात राहिलो. ते सांगत, "सुरी शेवटी सुरीसारखीच दिसणार हो. पुढं पातं, मागं मूठ. त्यात आपलं असं काय उरतं?" मग अंगठ्याचं नख दाखवायचे. "एवढंच. एवढ्या जागेसाठी माणसानं आयुष्य घालवायचं." लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत ती खळी त्यांना सुचली होती. कुठं पाहिली नाही, कुणी सांगितली नाही. लाकूड घासायला घेतलं आणि हात आपोआप तिथं वळला.

जे एवढं स्वतःचं असतं ते चोरीला जाण्याची भीतीही तेवढीच. कुणाकडे जेवायला बोलावलं तर खळीवाले यजमानांना नमस्कार करण्याआधी स्वयंपाकघरात शिरून सुऱ्या तपासत. एकदा त्यांना दात घासायच्या ब्रशवर अंगठा टेकायची जागा आढळली. तो ब्रश त्यांनी कित्येक दिवस संशयित म्हणून खिशात बाळगला. भेटेल त्याला काढून दाखवत. त्यांची बायको म्हणाली, "अहो, निदान वापरलेला तरी दाखवू नका."

आता त्यांच्या साडूंची गोष्ट सांगायला हवी. खळीवाल्यांच्या सासऱ्यांना एक सुरीवाला जावई पुरला नाही. थोरल्या मुलीच्या घरात धारदार सुऱ्या पाहून ते इतके खूश झाले, की धाकटीसाठीही त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा सुरीवालाच शोधून काढला. हे धाकटे साडू गोल चेहऱ्याचे, हसतमुख, जरा घाबरट. टाकून दिलेल्या खुर्च्यांच्या पायांपासून मुठी करायचे आणि खळीवाल्यांना 'दादा' म्हणायचे. दोघं एकमेकांच्या शेडमध्ये फारसे जात नसत. एका धंद्यातली माणसं सणसमारंभाला प्रेमाने भेटतात, पण कामाच्या जागी जाणं टाळतात, तसंच.

एकदा हातानं केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. मी खळीवाल्यांच्या टेबलाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना, कुणी विचारलेलं नसताना, माझी सुरी दाखवत होतो. खळीवाले पाय मोकळे करायला गेले आणि धाकट्या साडूंच्या टेबलापाशी थबकले. मला लांबून फक्त त्यांची पाठ दिसली. पण ती पाठही चिडलेली होती. मी धावत गेलो.

"हे काय आहे?"

"सुरी आहे, दादा."

"ही खळी!"

"हो ना. काय छान बसतो अंगठा! बघा तरी धरून."

"माझी आहे ती."

साडूंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद गेला. "दादा, सारखी आहे हे मलाही दिसतंय. पण तुमची बघून नाही केली. खरंच सांगतो. लाकूड घासायला घेतलं की माझा हात तिथंच जातो."

"माझाही तिथंच जातो! म्हणजे तू माझा हातच चोरलास!"

लोक हसले. मीही हसलो, वाक्यच तसं होतं. पण खळीवाले संयोजकांकडे गेले. त्यांचं नाव मोठं, काम जुनं. संयोजकांनी आपसात कुजबुज केली आणि साडूंना टेबल रिकामं करायला सांगितलं. साडूंनी वाद घातला नाही. एकेक सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली. त्यांची बायको शेजारी उभी होती. ती आपल्या थोरल्या बहिणीकडे बघत होती आणि थोरली जमिनीकडे.

त्या दिवसापासून साडूंना 'नकल्या' हे नाव चिकटलं. गिऱ्हाइकं गमतीनं विचारू लागली, "ही तुमची की दादांची?" गमतीत विचारलेल्या प्रश्नालाही रोज उत्तर द्यावं लागलं की माणूस थकतो.

दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. बहिणी आईच्या घरी भेटत, पण आपापल्या नवऱ्यांच्या वेळा सांभाळून. एक जावई दाराबाहेर पडल्याशिवाय दुसरा गल्लीत शिरत नसे. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "जावई आहेत का दिवसपाळी-रात्रपाळीचे पहारेकरी?"

सासरे गेल्यावर काही वर्षांनी सासूबाई थोरल्या मुलीकडे राहायला आल्या. येताना स्वयंपाकघरातलं सामान खोक्यात भरून आणलं. खळीवाल्यांनी त्यांना आपली उत्तमातली उत्तम सुरी भेट दिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कौतुक केलं आणि खोक्यातून स्वतःची जुनी सुरी काढली.

"हिला तेवढी धार लावून द्या. मला दुसरी चालत नाही."

मी त्या दिवशी शेडमध्येच होतो. पातं घासून घासून बोटाएवढं उरलं होतं. मूठ काळीभोर, तुकतुकीत. खळीवाल्यांनी यंत्र सुरू केलं, सुरी धरली आणि यंत्र बंद केलं. मला वाटलं, वीज गेली.

त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. माझा अंगठा आपोआप मुठीच्या वरच्या अंगाला गेला आणि मांजरासारखा बसला.

आम्ही दोघं घरात गेलो. सासूबाई पालेभाजी निवडत होत्या.

"आई, या मुठीला ही खळी कुणी केली?"

"करतंय कोण? झाली ती. माझ्या सासूच्या हातात होती, मग माझ्या. अंगठा टेकून टेकून लाकूडच बसलं."

"मी कधी पाहिली नाही."

"पाहिली नाही?" सासूबाई हसायला लागल्या. "तुम्ही दोघंही नवे जावई असताना आलात की हीच घेऊन बसायचात फळं कापायला. कधी तुमच्या आधी ते, कधी त्यांच्या आधी तुम्ही. हातातून सोडायचात नाही कुणी. फळं कापून संपली तरी धरून गप्पा मारत बसायचात. मी म्हणायचे, जावयांना बोलायला दुसरं काही नाही म्हणून सुरी धरून बसतात."

खळीवाले पुन्हा शेडमध्ये आले आणि लाकडाच्या ठोकळ्यावर बसले. अख्ख्या शहराच्या सुऱ्या तपासणाऱ्या या माणसानं सासरची तेवढी तपासली नव्हती; डोळ्यांनी त्यांनी खरंच काही पाहिलं नव्हतं. जे पाहिलं ते अंगठ्यानं, आणि त्यानं ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

"त्यानं खरं सांगितलं होतं हो," ते म्हणाले.

"मग जा की त्यांच्याकडे."

"जातो. पण असं हात हलवत कसं जायचं?"

इथं त्यांचं चुकलं. दुसऱ्या कुणी माणसानं सरळ जाऊन पाय धरले असते. खळीवाल्यांनी साडूंसाठी सुरी करायला घेतली. खळी ठेवावी तर टोमणा वाटेल, न ठेवावी तर राग. एक मूठ दुधी रंगाच्या लाकडाची केली, ती देखणी झाली म्हणून नको. लोकांना वाटायचं मिरवायला आणली. दुसरी साधी केली, ती कुठल्याशा जुन्या बनावटीसारखी वाटली म्हणून मोडली. सासूबाईंची सुरीच नेऊन द्यावी असंही ठरलं, तर त्या म्हणाल्या, "आणि मी भाजी दातांनी चिरू?" हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मी गेलो की ते नवी मूठ दाखवत आणि मला आवडली की त्यांना शंका येई.

एके दिवशी त्यांची बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माफी मागायचीय का माफीचं डिझाइन करायचंय?"

"अगं, पण काहीतरी असं पाहिजे ना, की..."

"की जे आजवर कुणी दिलं नाही! 'चुकलो' म्हणा आणि या. का तो शब्द आधी दुसऱ्या कुणी वापरलाय म्हणून अडलंय?"

खळीवाल्यांनी हातातली मूठ खाली ठेवली. भुवयांवरची भुकटी पुसली. आम्ही दोघं रिकाम्या हातांनी निघालो.

साडूंच्या शेडला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, ते आता कोपऱ्यावरच्या नळाच्या दुकानात काम करतात. आम्ही तिथं गेलो. साडू काउंटरमागे उभे होते, मागच्या भिंतीवर चकचकीत नळांच्या रांगा. त्यांनी दादांना पाहिलं आणि सवयीनं हसले.

"चुकलो," खळीवाले दारातूनच म्हणाले. पुढे आईंची सुरी, फळं, अंगठा असं सगळं उलटसुलट सांगितलं. साडू ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा अंगठा काउंटरच्या कडेवर घासत होता.

"हो का," ते म्हणाले. "मी पण पुष्कळ शोधलं, कुठून आली म्हणून. सापडली नाही. आईंची होती होय." मग काउंटर पुसत, "पाच-सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर यंत्र होतं, दादा. आता विकलं. लोखंडाचा आवाज नको वाटतो. इथं बरं आहे. पाण्याचं काम, शांत असतं."

"मी यंत्र देतो ना! माझ्या शेडमध्ये ये. दोघं मिळून करू. खळी दोघांची."

"अहो, असू द्या." साडूंनी आम्हाला बसायला स्टुलं दिली. "ताई कशी आहे? काही नळबिळ गळतोय का घरी?"

खळीवाल्यांनी भिंतीवरच्या नळांकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "स्वयंपाकघरातला गळतो."

पुढच्या रविवारी साडू आले आणि त्यांनी तो नळ बदलून दिला. तो अजून गळत नाही. सुरी मात्र त्यांनी पुन्हा कधी केली नाही.